उंबरठ्याच्या आतलं रिव्हॉल्व्हर

मी एक रिव्हॉल्व्हर. असे घाबरून मागे सरू नका, मी रिकामा आहे. आजच नाही, कायमचाच रिकामा आहे. आणि खरं सांगायचं तर मला मोठ्या आवाजाची भीती वाटते. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या चक्रातली सहाही घरं थरथरतात.

माझ्या भाऊबंदांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. कुणी लढायांना गेलं, कुणी दरोडे पाहिले, कुणी पळणाऱ्या गाडीच्या खिडकीतून बाहेर डोकावलं. माझ्या आयुष्यातला सगळा प्रवास म्हणजे कारखाना ते दुकान आणि दुकान ते घर. तोही लाखेचं सील लावलेल्या खोक्यातून. वाटेत काय पाहिलंस, असं कुणी विचारलं तर अंधार पाहिला, एवढंच सांगता येईल.

माझा जन्म कारखान्यात झाला. नळी एकीकडे घडली, चक्र दुसरीकडे, लाकडी मूठ तिसरीकडे. सगळं जोडून झाल्यावर कपाळावर नंबर कोरावा तसा माझ्या अंगावर नंबर कोरला आणि मग चाचणी म्हणून एक गोळी झाडली. तीच माझी पहिली आणि शेवटची गोळी. समोर वाळूची पोती होती. मी एवढा दचकलो, की निशाणावर ठेवलेला कागद राहिला बाजूला आणि गोळी तिसऱ्याच पोत्यात गेली. तपासणाऱ्या माणसाने कागदावर 'ठीक' असं लिहिलं. या दोन अक्षरांच्या जोरावर मी जगात आलो.

नंतरची नऊ वर्षं दुकानाच्या काचेच्या कपाटात गेली. एका बाजूला चांदीच्या मुठीचं पिस्तूल, दुसऱ्या बाजूला छऱ्याची बंदूक. गिऱ्हाईक आलं की पिस्तूल हातात घ्यायचं, छऱ्याची बंदूक खांद्याला लावून बघायचं आणि मला म्हणायचं, "हे काय, जुनं आहे का?" दुकानदार रोज सकाळी माझ्यावरची धूळ झटकायचा आणि उसासा टाकायचा. त्याचा जीव माझ्यावर होता असं मला वाटे. पुढे कळलं, उसासा जागा अडल्याचा होता.

अखेर मला मालक मिळाला.

माझा मालक कापडाच्या गोदामाच्या फाटकावर बसणारा वॉचमन. बावीस वर्षं एकच स्टूल, एकच शिट्टी, एकच वाक्य: "पास दाखवा." सगळे त्याला फाटकवाले काका म्हणतात. माणूस नियमाचा एवढा पक्का, की एकदा गोदामाचा शेठ पास घरी विसरून आला, तर त्यालाही यांनी वीस मिनिटं उन्हात उभं केलं. आतून कारकून पळत पास घेऊन आला तेव्हा कुठे फाटक उघडलं. शेठ रागावला नाही, उलट म्हणाला, "दिवाळखोर होण्यापासून मला हाच माणूस वाचवेल." ही गोष्ट काका अजूनही पाहुण्यांना सांगतात आणि काकू दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलावतात. काकू म्हणजे अर्थातच मालकीणबाई.

अशा माणसाला रिव्हॉल्व्हर कशाला हवं? तर काकूंच्या धाकट्या भावामुळे. हा मेहुणा बँकांची रोकड नेणारी गाडी चालवतो. गाडीवरच्या बंदूकधारी रक्षकाची जागा रिकामी झाली होती. अट एवढीच, की हत्यार स्वतःचं हवं आणि परवाने पक्के हवेत.

"दाजी, स्टुलावर बसून बसून तुमचंच स्टूल झालंय," मेहुणा म्हणाला. "माझ्या गाडीवर या. टोपी, बूट, कमरेला रिव्हॉल्व्हर! लोक बाजूला होऊन वाट देतील."

काकांनी मिशीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गोदामाला कळलं, की फाटकवाले काका आता बंदूकधारी होणार. हमालांनी त्यांना सलाम ठोकायलाही सुरुवात केली. एकदा लोकांनी सलाम ठोकले की माघार घेणं किती अवघड असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

परवाने दोन लागतात. एक हत्यार घरात ठेवण्याचा, दुसरा ते बरोबर घेऊन फिरण्याचा. पहिला चार महिन्यांत आला आणि दुकानदार स्वतः मला घरी पोचवून गेला. जाताना तो इतका हलका होऊन गेला, की मला वाईटच वाटलं. काडतुसं मात्र दुसरा परवाना आल्यावर मिळणार होती. तोवर मी म्हणजे दात न आलेला वाघ. वाघ कसला, मांजरच म्हणा.

दुसऱ्या परवान्यासाठी काका कचेरीत गेले. तिथे तिसऱ्या खिडकीवर एक कारकून बसतो. कानावर पेन्सिल, अक्षर मोत्यासारखं आणि आवाज थंड. तिथे काय झालं ते काका घरी येऊन दोघांच्याही आवाजात करून दाखवायचे, म्हणून मला पाठ आहे.

"हत्यार समक्ष दाखवावं लागेल," कारकून म्हणाला.

"इथं?"

"मग काय माझ्या घरी आणता?"

"पण साहेब, ते घराबाहेर काढायचं तर परवाना लागतो."

"बरोबर."

"आणि परवान्यासाठी ते इथं आणायला लागतं."

"हेही बरोबर."

"मग मी काय करू?"

"अर्ज करा."

"कसला?"

"हत्यार न आणता हत्यार दाखवण्याचा."

दुसरा कुणी असता तर खिडकीवर डोकं आपटलं असतं. काका भारावून घरी आले. "माणूस कडक आहे," ते काकूंना म्हणाले. "आपल्यासारखाच."

त्या अर्जावर साडेपाच महिन्यांनी एक तपासनीस घरी आला. त्याने फूटपट्टीने माझी नळी मोजली, नंबर उतरवून घेतला आणि विचारलं, "याआधी हे कुठं होतं?" काका म्हणाले, "कपाटात." "त्याच्या आधी?" "दुकानाच्या कपाटात." तपासनिसाने ते लिहून घेतलं. माझं चरित्र कुणी लिहिलं असेल तर ते तेवढंच.

मग फोटो. मालक आणि हत्यार एकाच चौकटीत हवेत, दोघेही स्पष्ट दिसले पाहिजेत. मला बाहेर नेता येत नव्हतं, म्हणून फोटोवाला घरी आला. "दोघांनीही इकडे बघा," तो म्हणाला आणि मी खरोखर बघितलं. पहिला फोटो परत आला, कारण काकांच्या डोक्यावर टोपी होती. दुसरा परत आला, कारण माझ्या नंबरावर त्यांचा अंगठा होता. तिसऱ्यात दोघांचेही डोळे वटारलेले आहेत, तो चालला.

"आता नेमबाजीच्या चाचणीचं पत्र येईल," कारकून म्हणाला. "पत्र आलं की या. पत्राशिवाय चौकशी नाही." आणि त्याने डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तिथेही तेच लिहिलं होतं.

जन्मभर लोकांकडे पास मागणारा माणूस! त्याला ती पाटी म्हणजे देववाणीच वाटली. इतर अर्जदार दर आठवड्याला जाऊन खिडकीवर उभे राहायचे, गयावया करायचे, एखाददोघं भांडायचे आणि दोन महिन्यांत काम करून घ्यायचे. आमचे काका घरी बसून पत्राची वाट पाहू लागले.

या काळात माझे दिवस बरे चालले होते. दर रविवारी काका मला खोक्यातून काढायचे, नळीला तेल द्यायचे, मऊ फडक्याने पुसायचे. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे रोखून सराव करायचे. पहिले काही रविवार गंमत होती. नंतर माझ्या लक्षात आलं, की मला उचलून धरलं की त्यांचा हात थरथरतो. सुरुवातीला मला वाटलं, मीच थरथरतोय. माझा तो जुना रोगच आहे. पण नाही, या वेळी मी नव्हतो.

काकूंच्याही लक्षात आलं होतं. त्या स्वयंपाकघराच्या दारात हातात परात घेऊन उभ्या राहायच्या, हाताकडे बघायच्या आणि आत जायच्या.

अशात एका संध्याकाळी मेहुणा चहाला आला. काकूंनी सहज विचारलं, "अरे, पण ती जागा रिकामी कशी झाली?"

"आधीच्या रक्षकाच्या गुडघ्यात गोळी गेली ना!" बिस्किट चहात बुडवत तो म्हणाला. "दोघं मोटरसायकलवरून आले. हा कमरेचं काढेपर्यंत तिकडून ठो! आरपार. आता काठी घेऊन चालतो बिचारा. पण दाजी, तुम्ही काळजी करू नका, तो फार सावकाश होता."

मेहुण्याचं बिस्किट तुटून कपात पडलं. ते काढायच्या नादात त्याने वर बघितलंच नाही. वर बघितलं असतं तर बहिणीचा चेहरा दिसला असता.

पुढच्या रविवारी खोकं उघडलं नाही. पाठ दुखत होती म्हणे. त्याच्या पुढच्या रविवारी तेल संपलं होतं. मग रविवार येत गेले आणि जात गेले. मला वाटलं, माझ्यातच काही खोट असेल. दुकानातल्या नऊ वर्षांनी ही सवयच लावून ठेवली आहे.

एके दुपारी कपाट उघडलं. खोकं उघडलं. वर बघतो तर काकू! आजवर त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. कपाट आवरायचं तरी माझं खोकं झाडूच्या दांड्याने सरकवायच्या. आज त्यांनी पदराने मला उचललं, बाजूला ठेवलं आणि घडी घातलेला एक कागद खोक्याच्या तळाशी सारला. त्यावर कचेरीचा शिक्का होता. नेमबाजीच्या चाचणीचं पत्र!

"गप पडून राहा मेल्या," त्या मला म्हणाल्या.

मी गप पडून राहिलो. मला तेवढंच येतं.

सरकारी कागद फाडायचा त्यांना धीर होईना, म्हणून ही युक्ती. घरात लपवायला जागा थोड्या का होत्या? पण त्यांनी नेमकी ती जागा निवडली जिथे नवऱ्याचा हात आता जाणार नाही, याची त्यांना खात्री होती. म्हणजे पाहा, ज्या खोक्यातलं हत्यार बँकेच्या रोकडीचं रक्षण करणार होतं, त्या खोक्याचा उपयोग शेवटी पत्रं दडवायला झाला. मी पेपरवेट झालो.

दोन महिन्यांनी दुसरं पत्र आलं. तेही माझ्या पोटाखाली. मग तिसरं, त्यावर लाल शाईने लिहिलेलं: अखेरची संधी, गुरुवारी सकाळी अकरा वाजता हजर न राहिल्यास अर्ज बंद.

इकडे घरात रोज संध्याकाळी कचेरीचा उद्धार चालायचा. काका बूट काढता काढता विचारायचे, "आलं का काही?" काकू म्हणायच्या, "नाही हो, कुठलं काय." मग काका कडाडायचे, "झोपा काढतात लेकाचे!" आणि दोन घास जास्त जेवायचे. तो बिचारा कारकून! मोत्यासारख्या अक्षरात वेळच्या वेळी पत्रं धाडत होता आणि आमच्या घरी रोज त्याच्या नावाने शंख होत होता. माझं तोंड लोखंडाचं आहे, नाहीतर मी सांगितलं असतं. खरं म्हणजे नसतंच सांगितलं. गुडघ्याची गोष्ट मीही ऐकली होती.

त्या गुरुवारच्या आधी, मंगळवारी मेहुणा आला. "दाजी, कंपनी महिनाअखेरपर्यंतच जागा धरून ठेवेल. मी परवा सुट्टी काढतो. तिसऱ्या खिडकीवर जाऊन दोन मिनिटांत विचारतो, कुठं अडलंय ते."

आत भांडं पडल्याचा आवाज आला. काका म्हणाले, "उद्या सांगतो तुला."

बुधवारी काकांची सुट्टी होती. काकू बाजारात गेल्या आणि काकांनी कपाट उघडलं. कित्येक महिन्यांनी मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना आपला हात आजमावायचा होता. त्यांनी मला उचललं आणि खाली तीन कागद दिसले.

काकांनी खिशातून चष्मा काढला आणि पलंगाच्या कडेवर बसून तिन्ही पत्रं वाचली. तारखा वाचल्या. लाल शाई दोनदा वाचली. उद्या अकरा वाजता! अजून वेळ होता. माझ्या नळीतून गार वारा गेला. आता आपण बाहेर पडणार, रस्ता बघणार, असं वाटलं; आणि त्याच क्षणी, आता आवाज होणार, असंही वाटलं. काका आता चिडणार, काकूंना जाब विचारणार, याची मी वाट पाहत होतो.

त्यांनी मला उचलून कॅलेंडरवर धरलं. हात थरथरला. दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तर दोन्ही हात थरथरले.

"नाही रे जमणार मला," काका मला म्हणाले. "माणसावर तर नाहीच नाही. पण सगळ्या जगाला सांगून बसलो ना."

त्यांनी चष्मा काढून ठेवला, डोळे पुसले. मग पहिलं पत्र तळाशी, त्यावर दुसरं, त्यावर लाल शाईचं, अशी होती तशी पत्रं लावली. वर मला ठेवलं. फडक्याची घडीसुद्धा काकूंनी घातली होती तशीच घातली. मी नीट पाहिलं, घडी घालताना हात अजिबात थरथरत नव्हता.

संध्याकाळी मेहुणा हजर. "मग जाऊ ना उद्या?"

"नाही," काका म्हणाले. "तिथं पाटी आहे. पत्राशिवाय चौकशी नाही."

"अहो दाजी, नोकरी जाईल हातची!"

"जाऊ दे. बावीस वर्षं मी लोकांना फाटकावर हेच सांगतोय. मीच नियम मोडू? दुसऱ्याला घ्या म्हणावं."

"ताई, तू तरी सांग ना यांना!"

मग काकूंचा आवाज आला, "त्यांचं बरोबर आहे." मेहुणा पाय आपटत गेला. पुढच्याच आठवड्यात कंपनीने दुसरा माणूस घेतला. गोदामात काकांनी सांगून टाकलं, की कचेरीने वाट लावली. हमाल हळहळले. काकांची मान ताठच राहिली.

त्या बुधवारनंतर आठ दिवसांनी चौथं पत्र आलं: अर्ज बंद करण्यात येत आहे. काकूंनी ते आणून खोकं उघडलं, पदराने मला बाजूला केलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. फडक्याच्या घडीखाली काकांचा चष्मा होता.

आठ दिवस काका तो चष्मा घरभर शोधत होते. पेपर हात लांब करून वाचत होते. काकूही त्यांच्याबरोबर शोधत होत्या, डब्यांत, उशीखाली, सगळीकडे. काकू पलंगावर बसल्या, चष्मा मांडीवर घेऊन. आधी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. मग काचा पदराने लख्ख पुसल्या.

संध्याकाळी काका आले. बूट काढायच्या आत काकूंनी चष्मा पुढे केला.

"कुठं सापडला?" काकांनी विचारलं.

"पलंगाखाली."

"तिथं मी दोनदा बघितलं होतं."

"नीट बघितलं नसेल."

काकांनी चष्मा घातला. घसा खाकरून म्हणाले, "कचेरीतून आलं का काही?"

"नाही हो. कुठलं काय."

"काय मेली कचेरी आहे!" काका म्हणाले. पण या वेळी त्यांना कडाडता आलं नाही. काकू शेजारी येऊन बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला, तोच, थरथरणारा. "मेलीच आहे," त्या म्हणाल्या. बराच वेळ त्यांनी तो हात सोडला नाही.

तर असा मी. चार पत्रांच्या गादीवर आडवा पडलेला. माझ्या नळीत कोळ्याने घर केलंय आणि त्याने माझ्याकडे कसलाही परवाना मागितलेला नाही. पराक्रम काय केलास, असं विचाराल तर एका माणसाला माझ्यासकट घरी बसू दिलं, एवढाच.

वाचकहो, निरोप घेताना एक विनंती. तुमची कचेऱ्यांत ओळख असेल, एका फोनवर अडलेली कामं मार्गी लागत असतील, तर तुमचं भलं होवो. पण आमची गोष्ट ऐकून कुणाला दया आली आणि माझा अर्ज पुन्हा उघडून द्यावासा वाटला, तर हात नाहीत म्हणून मूठ जोडून सांगतो: आमच्यासाठी कृपा करून कुणी काही करू नका.